न हललेला अपघात

थरथर कधी खोटं बोलत नाही. माणूस शब्दांनी फसवतो, चेहऱ्याने फसवतो, पण ज्या क्षणी पायाखालचं जग हादरतं त्या क्षणी जे खरं असेल ते बाहेर पडतं. म्हणून पडद्यावरची चौकट हलली की प्रेक्षक विश्वास ठेवतो. हा विचार माझ्या धाकट्या भावाचा आहे. धुळ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, डोळे अर्धे मिटून त्याने तो उच्चारला आणि मग मायकडे तिचा मिक्सर मागितला.

माझा भाऊ आठवडाभर मोबाइल दुरुस्त करतो आणि रविवारी दिग्दर्शक असतो. आमच्या बोलीत छोटे चित्रपट काढून तो इंटरनेटवर टाकतो. या वेळची गोष्ट एका म्हाताऱ्या बस ड्रायव्हरची होती. शेवटच्या फेरीला त्याची गाडी दरीत जाते. बस मिळण्यासारखी नव्हती, म्हणून घरची जुनी जीप आली. दरी गैरसोयीची होती, म्हणून मित्राच्या शेतातला उतार आला. गोष्ट तेवढी मूळची राहिली. संवाद दुरुस्त करायला मला जळगावहून बोलावलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे मला सगळंच दुरुस्त करता येतं असा घरी समज आहे.

अपघात दाखवायचा तर कॅमेरा हलायला हवा, आणि कसाही हलून चालत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. मिक्सरच्या झाकणावर कॅमेरा ठेवून घेतलेलं दृश्य आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणाला तरी थंडी वाजून ताप भरल्यासारखं ते दिसत होतं. मग कूलर झाला. आमच्याकडे उन्हाळा लागला की खिडकीखिडकीला पत्र्याचा कूलर लटकतो आणि त्यातला एकही स्वस्थ बसत नाही. पण त्याच्या डोक्यावरून घेतलेल्या अपघातात गाडीपेक्षा पाण्याचाच आवाज जास्त होता. शेवटी भावाने कॅमेरा नुसता हातात धरून गदागदा हलवला.

"असं तं लगनमा नाचताना काढतस," माय म्हणाली.

तोडगा निघाला स्कूटरच्या ट्यूबमध्ये. ट्यूब अर्धवट फुगवायची, तिच्यावर लाकडी फळी सुतळीने बांधायची, फळीवर कॅमेरा आवळायचा आणि फळीच्या टोकाला तळहाताने टपली मारायची. चौकट उचकते, डोलते, मग हळूहळू जागेवर येते. खड्ड्यातून गेलेल्या गाडीत डोळ्यांना जसं दिसतं, अगदी तसं. भावाने या वस्तूला इंग्रजी नाव दिलं. आम्ही तिला ट्यूबच म्हणत राहिलो.

ड्रायव्हरचं काम नानांनी करायचं होतं. नाना म्हणजे आमचे वडील. त्यांनी निवृत्त होईपर्यंत लाल बस चालवली, आणि अपघाताशिवाय चालवली म्हणून मिळालेला बिल्ला देवघराच्या शेजारच्या खिळ्यावर आहे. त्या बिल्ल्याला रोज नमस्कार होत नाही, एवढाच देवांशी फरक.

गेल्या दिवाळीपासून नानांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत आवाज यायचा. मग त्यांनी बशीच बंद केली आणि कपाने प्यायला लागले, तोही दोन्ही हातांनी. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गाडीचं काय, हे नानांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर मायने जीपची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली. ती तिथे आहे हे नानांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मायला. तरी डबा कोणी उघडत नव्हतं. वरण करायचं असेल तेव्हा माय नानांकडे पाठ करून डाळ काढायची.

प्रश्न मुक्ताईनगरचा होता. दरवर्षी उन्हाळ्यात नाना स्वतः गाडी चालवून मायला दर्शनाला नेतात. नोकरीत असताना त्यांनी लोकांना सगळीकडे नेलं आणि बायकोला कुठेच नेलं नाही, हे तिने एकदा चारचौघांत सांगितलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम. या वर्षी गाडी कोण चालवणार हे कोणी विचारत नव्हतं. जो विचारेल त्याला उत्तरही द्यावं लागलं असतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी भावाचा शेतवाला मित्र जेवायला आला होता. ज्याच्या शेतात आम्ही अपघात करणार होतो, तोच. ट्यूबची हकिगत ऐकून तो हसत म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला भाऊ? कॅमेरा नानांच्या हातात दे. आपोआप हलेल."

मायची पोळी तव्यावर तशीच राहिली. भाऊ ताटाकडे बघायला लागला. मित्राला आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्याचे कान लाल झाले.

नानांनी घास संपवला. "दे," ते म्हणाले. "पन बंद कराना बटन कोठे शे, ते मालेबी माहीत नही."

मग कोणी हसायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं, साध्या आवाजात, बसची वेळ सांगावी तसं. उद्या कॅमेरा त्यांच्या हातांवरच असणार होता. सगळ्यांनी नीट बघायचं. स्टिअरिंगवर हात हलला तर किल्ली कायमची डब्यात, ते पुन्हा नाव काढणार नाहीत. नाही हलला, तर मुक्ताईनगरला गाडी तेच चालवणार आणि तिथून पुढे हा विषय बंद.

"मंजूर?" त्यांनी मायला विचारलं.

माय म्हणाली, "बॅटरी काढी टाका मंग. किल्ली ऱ्हाऊ द्या, पन बॅटरी नको."

एवढ्यावर तह झाला.

शेत सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून आत आहे. बांधाकडून एक मुरमाड वाट उताराने शेततळ्याकडे जाते. तळं काळ्या प्लास्टिकने मढवलेलं आहे आणि पाणी आत घ्यायला त्याचा भराव वाटेच्या बाजूने मोकळा सोडलेला आहे. शेतवाल्याने आल्या आल्या बजावलं की जवळ जाऊ नका. प्लास्टिकवर पाय ठरत नाही, मागे एक वासरू पडलं तर दोर टाकून काढावं लागलं. भावाने मान डोलावली आणि जीप बरोबर त्या मोकळ्या तोंडासमोर, उतारावर उभी केली. कारण काचेतून पुढे नुसतं आभाळ दिसत होतं, आणि आभाळ म्हणजे दरी.

बॅटरी काढून लिंबाखाली ठेवली. पुढच्या चाकांना दोन दगड लावले. हँडब्रेक त्या जीपला नावापुरताच आहे. नाना दार उघडून बसले, आरसा सारखा केला, किल्ली लावली. बॅटरी नाही हे त्यांना माहीत होतं, तरी लावली. मग त्यांनी गिअरच्या दांड्याला हात घातला.

"न्यूट्रलला का शे?"

"गेअरमा ऱ्हायनी तं हालत नही नाना. मागून हलवायची आहे ना."

"उभी गाडी गेअरमा ठेवतस."

"आते शूटिंग शे, नाना."

बस असती तर त्यांनी हे कोणाचं ऐकलं नसतं. पण त्या दिवशी ते नट होते, आणि नटाने दिग्दर्शकाचं ऐकायचं असतं असं भावाने त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी दांडा सोडला.

कॅमेऱ्याची फळी आणि ट्यूब शेजारच्या सीटवर बांधली होती, भिंगाचा रोख स्टिअरिंगवर. मी मागच्या सीटवर खाली वाकून बसले. मला दोन कामं होती. भाऊ "हं" म्हणाला की फळीला टपली मारायची, आणि बाकीचा वेळ कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नानांचे हात बघायचे. दुसरं काम मला कोणी दिलं नव्हतं, पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

पहिला शॉट नानांनी न हलवता घ्यायला लावला. हात स्टिअरिंगवर, काही न करता. मी पडद्यावर पाहत राहिले. उन्हाने काळवंडलेली बोटं, नखाजवळची जुनी जखम, मनगटावरचं सैल झालेलं घड्याळ. काही हललं नाही. भावाने कट म्हटल्यावर नानांनी हात मांडीवर घेतले आणि उजवा थरथरू लागला. त्यांनी तो मांडीखाली घातला. पडद्यावर तेव्हा रिकामं स्टिअरिंग होतं. हे फक्त मी पाहिलं, मागून, दोन सीटांच्या फटीतून.

मग हलवायला सुरुवात झाली. शेतवाला आणि त्याचा चुलतभाऊ मागे बंपरला लागले, भाऊ ड्रायव्हरच्या खिडकीशी. गाडी डोलायची, मी टपल्या मारायचे, आणि नाना दर वेळी शॉट बिघडवायचे. गाडी डावीकडे झुकली की ते उजवीकडे स्टिअरिंग घेत आणि वर आरशात बघत.

"नाना, घाबरा जरा. गाडी दरीत चालली आहे."

"मागे प्रवासी शेतस. डायव्हर घाबरत नही."

"मागे अक्का आहे फक्त."

"मंग तं बिलकुल नही."

मला हसू आलं आणि टपली चुकली. भाऊ वैतागला. ऊन चढत होतं, जीपच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. सगळ्यांना एकदाचं हे संपवायचं होतं. "जोरात," भाऊ मागच्यांना म्हणाला. "अजून जोरात. फ्रेमला भीती वाटली पाहिजे."

त्यांनी जोर लावला. गाडी पुढे झुकली, मागे आली, पुन्हा पुढे झुकली. आणि मागे आली नाही.

आधी मला वाटलं की शॉट चांगला जातोय. मुरूम चाकाखाली करकरत होता, बाकी काही आवाज नव्हता. इंजिन बंद असलेली गाडी चालते तेव्हा ती कोणाची तरी दुसऱ्याची आहे असं वाटतं. मग खिडकीतून भावाचा चेहरा मागे गेला. तो धावत होता. मागून शेतवाल्याचा आवाज आला, "दगड सुटला, नाना, दगड," आणि तोही मागे पडला.

मी समोर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण माझे डोळे त्या छोट्या पडद्यावरच राहिले. एक हात फळीवर, दुसऱ्या हाताने पुढची सीट धरलेली. पडद्यावर नानांचे दोन्ही हात होते. आता पायाखाली चिरका आवाज येईल याची मी वाट पाहत होते. त्या जीपचा ब्रेक दाबला की कुईं असा आवाज येतो. सगळ्या गल्लीला तो माहीत आहे. तो ऐकला की माय चहाचं आधण ठेवते. वाट उतरत होती आणि आवाज येत नव्हता.

नाना "हं" एवढंच म्हणाले. कोणी वाट अडवून उभा असला की म्हणायचे, तसं. पडद्यावर डावा हात खाली आला, उजवा वर गेला, स्टिअरिंग फिरलं. झटका नाही, घाई नाही. काचेतलं आभाळ बाजूला सरकलं, काळ्या प्लास्टिकची कड उजव्या खिडकीतून गेली, आणि मग सगळीकडून काड्या मोडल्याचा आवाज झाला. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग भरावाच्या कडेला रचून ठेवलेला होता. नानांनी जीप त्याच्यात घातली होती. ती रुतत रुतत गेली आणि गादीवर बसावं तशी थांबली.

थांबल्यावर पायाखाली आवाज आला. कुईं.

भाऊ धावत आला. त्याने आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कॅमेऱ्याकडे. हा क्रम मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे, कारण उलटा असता तर आयुष्यभर बोलता आलं असतं. शेतवाला गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. कोणाला काही लागलं नव्हतं. जीपच्या नाकावर पऱ्हाट्यांचा भारा बसला होता, नवरदेवाच्या गाडीवर फुलं लावतात तसा.

पाणी पिऊन झाल्यावर सगळे लिंबाखाली कॅमेऱ्याभोवती जमले. भावाने शॉट लावला. उतार, वळण, ढीग, सगळं होतं. ते दोन हात पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत असे होते की ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी भिंतीवर लावावेत. भाऊ ते पुन्हा पुन्हा बघत होता. शेतवाला, ज्याने आदल्या दिवशी जेवताना विनोद केला होता, तो हात जोडून म्हणाला, "नाना, मानलं तुम्हाला. ज्यांना थरथर बघायची त्यांनी हे बघावं."

भावाने बॅटरी बसवली, गाडी मागे घेतली, पऱ्हाट्या झटकल्या. मग तो उतरला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरून उभा राहिला.

"नाना, चला. तुम्ही चालवा. आता कोणी काही बोलणार नाही. मायला शॉट दाखवतो."

नानांनी त्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग ते बोनेटला वळसा घालून पलीकडे गेले, ट्यूब आणि फळी उचलून मागे बसलेल्या माझ्या मांडीवर दिली आणि शेजारच्या सीटवर बसले.

"काय झालं?" भाऊ म्हणाला. "जिंकले ना तुम्ही. हात जरासुद्धा हलला नाही."

"हात बरोबर व्हतात," नाना म्हणाले. "पाय टायमवर गया नही."

भावाला कळलं नाही. तो म्हणाला, उतारच तसा होता, दगड सुटला त्यात तुमचा काय दोष, चूक माझी, मीच न्यूट्रलला ठेवली. नाना समोर बघत होते. "ब्रेक मी सांगत व्हतू पायले," ते म्हणाले. "ऐकाले उना, तवय गाडी उभी व्हयी गयेल व्हती."

माझ्या मांडीवर ट्यूब होती आणि कानात तो ब्रेकचा उशिरा आलेला आवाज. शॉटमध्ये हात होते, घड्याळ होतं, काचेतलं आभाळ होतं. पाय चौकटीत नव्हते. नाना गप्प राहिले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. मला कळलं होतं, पण मी सांगितलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी मला विचारलं नाही.

घरी गल्लीच्या तोंडाशी भावाने ब्रेक दाबला. कुईं. आम्ही आत शिरलो तेव्हा आधण ठेवलेलं होतं. मायने नानांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नानांनी भावाच्या हातातून किल्ली घेतली, फडताळातला डबा स्वतः काढला, झाकण उघडलं आणि किल्ली डाळीत खोचली.

"हालना का हात?" मायने हळूच विचारलं.

"नही."

"मंग?"

"पुढच्या वर्षीसाठे ठेवतस," ते म्हणाले. मायने चहा कपात ओतला आणि कपाखाली बशी ठेवली. नानांनी ती राहू दिली.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. डॉक्टरांना हातांची हकिगत सांगितली. त्यांना काही विशेष वाटलं नाही. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की बरेचदा थांबतो. या आजाराची ती नेहमीची तऱ्हा आहे, ते म्हणाले. पाय जड पडणं हेही त्यातलंच. म्हणजे नानांनी लावलेली पैज हरण्यासारखी नव्हतीच. ती लावताना त्यांना हे माहीत होतं का, हे मी दवाखान्यातून परतताना विचारणार होते. त्यांनी रिक्षावाल्याला पुढच्या खड्ड्याची सूचना दिली आणि विषय निघून गेला.

मुक्ताईनगरला भावाने गाडी चालवली. नाना शेजारी बसले होते आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेवर दाबला जात होता. थोडा उशिराने, पण दर वेळी. मी मागे मायजवळ होते. तिने ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. जळगाव मागे पडल्यावर केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा ती म्हणाली, "आते तुम्हलेबी बाहेर देखता येस." नाना बराच वेळ बाहेर बघत होते. आयुष्यभर ज्या रस्त्याने गेले त्याच्या कडेला काय आहे, हे ते बहुधा पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, घड फार लवकर काढतात.

राहिला चित्रपट. उतारावरचा खरा शॉट भावाने वापरून पाहिला आणि काढून टाकला. नानांनी गाडी इतकी अलगद नेली होती की ट्यूबवरचा कॅमेरासुद्धा डोलला नाही. माझा हात फळीवर होता, पण टपली मारायची राहून गेली. पडद्यावर ते दृश्य एखादा माणूस गाडी सावलीत लावतोय असं दिसत होतं. एकाही प्रेक्षकाने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

म्हणून अपघात पुन्हा घेतला. या वेळी घरीच, भर दुपारी, आमच्या गच्चीवर. लोखंडी खुर्ची, भंगारातून आणलेलं स्टिअरिंग, नानांचं घड्याळ घातलेले भावाचे हात. टपल्या मारायला नाना बसले. त्यांच्या हाताला काम मिळालं होतं आणि ते रस्ता आठवून आठवून मारत होते. हा पारोळ्याच्या अलीकडचा खड्डा, हा मोरीवरचा, आता सपाट, आता गेली गाडी.

चित्रपट इंटरनेटवर आहे. अंगावर काटा आला असं लोकांनी खाली लिहिलं आहे, आणि एकाने ड्रायव्हर वाचला का असं काळजीने विचारलं आहे. स्टिअरिंगपलीकडे दरीच्या तळाशी जे पांढरे गोल खडक दिसतात, ते मायने त्याच गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड आहेत.